हात वर करायचा राहिला

अमळनेरला बोरी नदीकडच्या मैदानावर पोरांची फुटबॉल मॅच होती, शिट्टी माझ्याकडे. स्कोअर १-१, शेवटची पाच मिनिटं.

डिफेंडरने बॉल मागे दिला आणि कीपरने तो गोलपासून दोन-तीन पावलांवर हाताने उचलला. मी बॅकपासची शिट्टी दिली: आपल्याच खेळाडूने मुद्दाम किक मारून दिलेला बॉल कीपरला हाताने घेता येत नाही. कोच तणतणत आला, "सर, नडगीला लागून गेला तो!" मुद्दा बिनतोड होता, खरंच नडगीला लागला असता तर. किक म्हणजे पाऊल नाहीतर घोटा. गुडघ्याने, छातीने, डोक्याने दिलेला बॉल कीपरने खुशाल उचलावा (त्यातही मुद्दाम चलाखी केली तर पिवळं कार्ड आहेच). १९९२ पासूनचा नियम, पण आमच्याकडे दर दुसऱ्या मॅचला यावरून जुंपतेच. मी मात्र बुटाच्या फितीवरून उडालेली धूळ पाहिली होती.

आता इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोल चालत नाही. जागा छोट्या बॉक्सच्या आत, म्हणून बॉल साडेपाच मीटरच्या रेषेवर आणून ठेवला. फ्री किकला समोरच्यांनी बॉलपासून ९.१५ मीटर लांब राहायचं असतं, पण एवढ्या जवळून ते अंतर कुठून आणणार? अशा वेळी बचाव करणाऱ्यांना दोन खांबांच्या मध्ये गोललाइनवर उभं राहता येतं. आख्खी टीमच तिथे येऊन उभी राहिली, एसटीच्या दारात गर्दी होते तशी. मी ओरडतोय, "मागे हो, रेषेवर!" आणि उजव्या हाताने एकेकाला मागे सारतोय.

स्ट्रायकरने सरळ जाळ्यात हाणला. मध्ये कुणालाच लागला नाही. पोरं नाचायला लागली. मी म्हटलं, गोल नाही, दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हायला हवा, गोलकिक.

तेवढ्यात स्ट्रायकर म्हणाला, "सर, तुमना हात वर नही व्हता!"

मी गारच झालो. इनडायरेक्टला रेफरीने हात डोक्यावर धरायचा आणि बॉल दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत धरूनच ठेवायचा. खूण द्यायची राहिली आणि बॉल थेट गोलमध्ये गेला, तर गोलही नाही, गोलकिकही नाही. किक पुन्हा घ्यायची. चूक माझी, आणि शिव्या मात्र दोन्ही बाजूंनी.

दुसऱ्यांदा हात ताठ वर. एकाने बॉल हळूच ढकलला, स्ट्रायकरने मारला, आणि भिंतीतल्या एकाच्या मांडीवर आपटून तो बाहेर. मॅच १-१.

नंतर टपरीवर तोच कोच भेटला. चहाचे पैसे द्यायला मी हात पुढे केला, तर म्हणतो, "आते हात वर करतस तुम्ही!"