तुम्ही विचारलंत म्हणून : ३क्ष + ५ चे ८क्ष का होत नाहीत?

देवगड तालुक्यात गणित शिकवत असल्यामुळे पालकसभेत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : पाढे तोंडपाठ असलेले, हिशेबात सहसा न चुकणारे मूल बीजगणित सुरू होताच ३क्ष + ५ चे ८क्ष का करते, आणि त्याने केलेले बरोबर आहे की नाही हे आम्ही घरी कसे ओळखावे?

ही चूक आळसाची नसते. प्राथमिक वर्गांत अधिकचे चिन्ह दिसले की बेरीज करून एकच संख्या लिहायची सवय लागलेली असते, त्यामुळे ३क्ष + ५ तसेच ठेवणे मुलाला काम अर्धवट टाकल्यासारखे वाटते. त्यात ‘तीन आंबे आणि पाच फणस’ असे उदाहरण दिले, की क्ष ही संख्या न राहता वस्तू होऊन बसते. म्हणून मी आंब्याची पेटी घेतो. प्रत्येक पेटीत सारखेच आंबे आहेत, पण किती ते ठाऊक नाही. ती संख्या म्हणजे क्ष. तीन पेट्या आणि पाच सुटे आंबे म्हणजे ३क्ष + ५. आणखी दोन पेट्या आल्या तर ५क्ष + ५, कारण ३क्ष आणि २क्ष ही सरूप पदे, म्हणजे एकाच क्षच्या पटी, आहेत. सुटे आंबे मात्र पेटीतली संख्या कळेपर्यंत वेगळेच मांडावे लागतात. पेटीत ४८ निघाले, तर ५ × ४८ + ५ = २४५. (येथे ५ च्या शेजारी ४८ चिकटवून ५४८ लिहिणारेही असतात, त्यांना गुणाकाराचे चिन्ह काही दिवस सक्तीने लिहायला लावावे.) बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशीसाठी ‘या’ आणि ज्ञात संख्येसाठी ‘रू’ लिहीत, आणि भिन्न जातीच्या राशी एकमेकींत न मिळवता शेजारी मांडत. ‘या ३ रू ५’ हे त्या पद्धतीत पूर्ण उत्तर होते.

खरी अडचण कंसापाशी येते. ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ असलेले मूल आधी कंस सोडवू पाहते, पण १०० − २(क्ष − ३) यात कंसाच्या आत काही करता येत नाही. म्हणून बाहेरच्या −२ ने आतल्या दोन्ही पदांना गुणावे लागते. शंभर आंब्यांतून दोन पेट्या भरून द्यायच्या, पण प्रत्येक पेटीत तीन आंबे कमी भरायचे, असे म्हटले तर ते सहा आंबे आपल्याकडेच उरतात हे कोणालाही पटते. म्हणजे १०० − २क्ष + ६, अर्थात १०६ − २क्ष. वजाचे चिन्ह दुसऱ्या पदापर्यंत न नेणारे मूल ९४ − २क्ष लिहिते.

घरी पडताळा घेण्याचा उपाय येथेच आहे. मूळ राशीत आणि उत्तरात क्षसाठी एकच संख्या ठेवून पाहा. क्ष = ४८ घेतले, तर मूळ राशीची किंमत १०० − २ × ४५ = १० येते, १०६ − २क्ष चीही १० येते; ९४ − २क्ष ची मात्र −२. किमती जुळल्या नाहीत की उत्तर निश्चित चुकले. एकदा जुळल्या म्हणजे बरोबर, असे मात्र नव्हे : क्ष + क्ष चे क्ष² करणाऱ्याने २ ठेवून पाहिले तर दोन्हीकडे ४ येतात, ३ ठेवले की ६ आणि ९ वेगळे पडतात. क्षचा वर्ग किंवा त्याहून मोठा घात, तसेच छेदात क्ष, नसेल, तर दोन वेगवेगळ्या संख्यांवर किमती जुळणे पुरेसे असते. वर्ग असेल तर तीन संख्या घ्याव्यात. ०, १ आणि २ टाळावेत, आणि एक संख्या ऋण असावी, तीही कंसात लिहिलेली, कारण क्ष = −३ असताना क्ष² म्हणजे (−३)² = ९, आणि −क्ष² म्हणजे −९.