हँडब्रेक धरत नव्हता तेव्हा

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे चढत जाणाऱ्या जुन्या गल्ल्यांपैकी एकीत आमचे घर आहे. घरासमोर सपाट जागा नाही, त्यामुळे गाडी उतारावरच उभी राहते आणि हँडब्रेकची रोज परीक्षा होते. जुलैमधल्या एका संध्याकाळी मी बाजूच्या दारातून भाजीच्या पिशव्या काढत असताना गाडी हळूच मागे सरकू लागली. गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि हँडब्रेक मी पूर्ण ओढलेला होता. शेजारचे काका, ज्यांनी एसटीच्या कार्यशाळेत तीसेक वर्षे काढली आहेत, ते पायरीवर बसले होते. त्यांनी जवळचा दगड पायानेच मागच्या चाकाखाली ढकलला आणि गाडी त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीपासून चार बोटांवर थांबली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तेथील कारागिराने दोन सीटांमधले प्लास्टिकचे आवरण उचकटले, दहाच्या पान्याने हँडब्रेकच्या केबलवरचा नट भराभर आवळला आणि दहा मिनिटांत गाडी परत दिली. त्याआधी दांडा पूर्ण ओढेपर्यंत अकरा कट वाजत, ते आता चारवर आले होते, आणि दांडा इतका ताठ लागत होता की काम झाले असेच मला वाटले. तीन आठवड्यांनी कासहून यवतेश्वरचा घाट उतरून आल्यावर उजव्या मागच्या चाकातून करपल्याचा वास येऊ लागला. रिमजवळ हात नेताच धग जाणवली. घरासमोरच्या उतारावर मात्र गाडी पूर्वीसारखीच सरकत होती. ब्रेक एका चाकाला सुटत नव्हता आणि तरीही उतारावर धरत नव्हता, हे कोडे मला सुटेना.

काकांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "नट आवळून काय व्हायचंय? नट सगळ्यात शेवटी. आधी ड्रम उघड."

त्यांच्या या वाक्याचा अर्थ मला काम करताना हळूहळू कळत गेला. माझ्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे पोकळ लोखंडी डबे आहेत, आणि हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. दांड्याशी एक आडवी छोटी पट्टी असते व तिच्या दोन टोकांना दोन चाकांकडे जाणाऱ्या दोन केबली अडकवलेल्या असतात. तराजूच्या दांडीसारखी ती मधोमध ओढली जाते, म्हणून दोन्ही केबलींना सारखा ताण मिळतो. ड्रमच्या आत केबल एका लहान लिव्हरला ओढते आणि तो लिव्हर दोन्ही लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे कमानीसारखे तुकडे, बाहेर फाकवून ड्रमला आतून टेकवतो. लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले की ते अंतर भरून काढण्यासाठी आत स्वतःहून लांब होणारा एक ॲडजस्टर असतो, पण त्याचे काम हँडब्रेकचा लिव्हर पूर्णपणे मागे, आपल्या जागी टेकलेला असेल तरच नीट चालते. नट आवळून केबल ताणून ठेवली की लिव्हर जागेवर परत जात नाही आणि ॲडजस्टर काम सोडून देतो. दांडा काही दिवस ताठ लागतो आणि आतले अंतर मात्र वाढतच राहते. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

रविवारी सकाळी गाडी आम्ही जवळच्या सपाट पटांगणात नेली. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले, मागची बाजू जॅकने उचलली आणि घोड्यांवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीपाशी काका मला फिरकूसुद्धा देईनात. हँडब्रेक पूर्ण खाली असतानाही उजवे चाक खरखरत, जड फिरत होते, तर डावे मोकळे होते. तीन कट ओढल्यावर उजवे चाक जाम झाले, पण डावे चाक मला एका हाताने फिरवता आले. आवरण काढून पाहिले तेव्हा ती तराजूची पट्टी तिरकी झालेली होती, कारण डावी केबल आपल्या नळीत अडकून बसली होती आणि उजवे टोक तेवढे पुढे आले होते.

ड्रम उतरवण्यापूर्वी नट पूर्ण सैल केला, नाहीतर लायनर ड्रमला आतून धरून ठेवतात. उजवा ड्रम दोन ठोक्यांत निघाला. डाव्याच्या आतल्या काठावर गंजाची कड तयार झाली होती आणि तो हलेना. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोके असतात, त्यांत आठ मिमीचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा आवळत गेलो. मध्येच हातोडीने हलके ठोके द्यायचे आणि पुन्हा आवळायचे, असे वीसेक मिनिटे चालले. शेवटी तो खणकन सुटला आणि आतून सुकी काळी भुकटी पडण्याऐवजी चिखलासारखा काळा, चिकट लगदा दिसला. पायाचा ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने लायनर फाकवणारा तो व्हील सिलिंडर, त्याचे रबरी टोपण बोटाने उचलताच त्यातून ब्रेक ऑइलचा थेंब ओघळला. लायनर त्या ऑइलने भिजून गेले होते, म्हणजे डावी केबल सुरळीत असती तरीही त्या चाकाने काहीच धरले नसते.

येथे मला माझी एक चूक कबूल करायला हवी. मे महिन्यात घाटातल्या वळणांवर डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा लुकलुकत असे. माझ्या गाडीत तोच एक दिवा हँडब्रेक ओढलेला असल्याचेही सांगतो आणि ब्रेक ऑइलची पातळी कमी झाल्याचेही. मी टाकीत ऑइल ओतले, दिवा विझला आणि विषय संपला असे मानले. लायनर झिजत जातात तशी पातळी थोडी उतरते हे खरे आहे, परंतु वळणावर दिवा लागण्याइतके ऑइल कोठे गेले, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पायाचा ब्रेक तोवर ठीक लागत होता, हे केवळ नशीब म्हणायचे.

आतली भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवायची नाही, हे काकांनी बजावून सांगितले. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि समोरचा लायनर कशाचा आहे हे पाहून कळत नाही. म्हणून मास्क लावून सगळे ब्रेक क्लीनरने ओले करून पुसून घेतले. ड्रमवर आतल्या व्यासाची कमाल मर्यादा ओतीव अक्षरांत लिहिलेली असते, माझ्या ड्रमवर ती १८२ मिमी होती. मूळ १८० मिमीचे ड्रम मर्यादेच्या बरेच आत होते, त्यामुळे पॉलिश पेपरने कड व चमक घासून तेच ठेवले. लायनर मात्र दोन्ही बाजूंचे बदलले. डावे ऑइलने गेलेले होते आणि उजवे तापून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, पण तसे नसते तरीही एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने लायनर ठेवणे योग्य नाही, कारण त्याने ब्रेक एकीकडे ओढतो. लायनरचा जोड, एक व्हील सिलिंडर आणि डावी केबल मिळून अडीच हजारांच्या आत काम झाले.

स्प्रिंगा काढण्यापूर्वी मी मोबाइलवर फोटो काढले होते, तरीही काकांनी एका वेळी एकच बाजू उघडू दिली. "फोटोत मागचं दिसत नाही, दुसरं चाक फिरून बघता येतं," हा त्यांचा युक्तिवाद मला संध्याकाळपर्यंत तीनदा पटला. व्हील सिलिंडरच्या पाइपाचा नट सोडवताना साधा पाना घसरू लागला, तेव्हा जोर न करता पाइपासाठीचा खास पाना शेजारच्या आळीतून मागून आणला. तो नट घासून गोल झाला असता तर पूर्ण पाइप बदलण्याची वेळ आली असती. ज्या मागच्या पत्र्यावर लायनर सरकतात, त्याच्यावरील सहा ठिकाणी चिमूटभर ब्रेकसाठीचे ग्रीस लावले आणि लायनरला ग्रीसचे बोट लागू नये म्हणून हात दोनदा धुतले. नवी केबल मूळ क्लिपांतूनच, सायलेन्सरपासून लांब ठेवून ओढली. जुनी केबल बाहेर काढल्यावर पाहिली तर चाकाजवळचे रबर फाटून पाणी आत गेले होते आणि वीतभर तार गंजून नळीला चिकटली होती. ती दोन्ही हातांनी ओढूनही हलत नव्हती.

खरे सेटिंग यानंतर सुरू झाले आणि त्याचा क्रम काकांनी एका पायरीचाही सोडू दिला नाही. केबल पूर्ण सैल असताना, आतले दोन्ही लिव्हर आपल्या जागी टेकले आहेत याची खात्री करून, ॲडजस्टर हाताने इतका वाढवला की ड्रम चढवताना लायनरचा हलका घसरा ऐकू यावा. मग ब्रेकची हवा काढली. ऑइलची टाकी भरत राहून मी पेडल दाबून धरायचे, काकांनी सिलिंडरचा निपल, म्हणजे हवा काढण्याचा छोटा स्क्रू, सोडून बाटलीतल्या नळीत बुडबुडे पाहायचे आणि निपल आवळल्यावरच मी पाय उचलायचा, असे नळीतून अखंड धार येईपर्यंत केले. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे रिमवर सांडलेले लगेच पाण्याने धुतले. त्यानंतर इंजिन सुरू करून पेडल पंचवीस-तीस वेळा दाबले. ॲडजस्टर आपले अंतर घेत असल्याचा बारीक आवाज आधी येत होता आणि मग तो थांबला.

आता नटाची पाळी आली. नवी केबल थोडी ताणली जाते म्हणून दांडा आठ-दहा वेळा जोराने ओढून सोडला. मग नट थोडा थोडा आवळत प्रत्येक वेळी दोन्ही चाके फिरवून पाहिली. दांडा खाली असताना दोन्ही चाके मोकळी, दुसऱ्या-तिसऱ्या कटाला दोन्हीकडे सारखाच घसरा आणि सातव्याला दोन्ही जाम, अशी स्थिती आल्यावर लॉकनट आवळला. पुस्तिकेत पाच ते आठ कट दिलेले आहेत. आधीच्या चार कटांचा मला जो अभिमान वाटला होता, तो प्रत्यक्षात बिघाडाचाच भाग होता.

आवरण बसवून, सगळे स्क्रू लावून झाल्यावर लक्षात आले की दांडा ओढला तरी दिवा लागत नाही, कारण दांड्याखालच्या स्विचची वायर मी जोडलीच नव्हती. काका काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त स्क्रूड्रायव्हर पुढे केला. ज्या दिव्याकडे मी मे महिन्यात दुर्लक्ष केले होते, त्याच्यासाठी आवरण पुन्हा उघडावे लागले.

अंधार पडण्यापूर्वी गल्लीत चाचणी घेतली. तोंड चढाकडे करून गाडी उभी केली, सातव्या कटापर्यंत दांडा ओढला, गिअर न्यूट्रलला घेतला आणि ब्रेकवरचा पाय अगदी सावकाश उचलला. गाडी मागच्या लायनरवर किंचित बसली आणि तशीच राहिली. काकांनी गाडी उलट तोंडाने उभी करून पुन्हा पाहायला लावली, कारण चाक फिरू पाहण्याची दिशा बदलली की ड्रममध्ये जास्त जोर घेणारा लायनरही बदलतो. उताराकडे तोंड असताना मात्र ती दोन बोटे सरकून थांबली. नवे लायनर ड्रमशी पूर्ण जुळलेले नसल्याने आठवडाभर असे होईल, असे ते म्हणाले आणि तसेच झाले. सुमारे तीनशे किलोमीटर चालवल्यावर कट आठवर गेले, तेव्हा आधी मागची चाके उचलून घसरा तपासला आणि मगच नट एक फेरा आवळला. त्यानंतर दोन्ही दिशांना गाडी जागची हलत नाही.

उतारावर गाडी उभी करताना मी आता हँडब्रेकबरोबर गिअरही टाकतो, चढाकडे तोंड असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स. पावसाळ्यात चार-आठ दिवस गाडी सपाट जागेवर उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरवर सोडून चाकांना ठोकळे लावतो, नाहीतर ओलसर लायनर ड्रमला चिकटून बसतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ मध्ये चालक जागेवर नसताना इंजिन बंद करून ब्रेक लावणे किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज करणे बंधनकारक केले आहे. हे मी काकांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी पायरीजवळच्या त्या दगडाकडे बोट केले. तो दगड अजून तेथेच आहे आणि त्यांनी तो मला हलवू दिलेला नाही.