आमची वाटचाल: कॅनव्हासवरून भिंतीवर

आमचं काम मागणीनुसार केलेल्या तैलचित्रांपासून सुरू झालं. पुढे भित्तिचित्रं आली आणि त्यांच्यामागोमाग घरांची अंतर्गत सजावट. कॅनव्हास आपण निवडून आणतो, भिंत मात्र असेल तशी पदरात पडते. म्हणून भित्तिचित्राचं काम आलं की रेखाटनाच्या आधी आम्ही भिंत तपासतो.

सिमेंटचा नवा गिलावा असेल तर पाणी मारणं थांबल्यावर किमान चार आठवडे जाऊ देतो, पावसाळ्यात आणखी. ताजा गिलावा अल्कधर्मी असतो आणि काही रंगद्रव्यांना ते सोसत नाही. अस्सल प्रशियन ब्लू तर त्यावर तपकिरी पडतो. अ‍ॅक्रिलिकच्या अनेक ट्यूबांमध्ये त्या नावाखाली दुसऱ्याच निळ्यांचं मिश्रण असतं, ते याचमुळे.

जुन्या भिंतीत ओल शोधायची. दीड फुटी चौकोनी प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून हवाबंद चिकटवायचं आणि २४ तासांनी बघायचं. आतल्या बाजूला थेंब धरले असतील तर पाणी भिंतीतून येतंय. मग पलीकडचं न्हाणीघर, गच्ची, बाहेरची चीर, जिथून पाणी मुरतंय ती जागा दुरुस्त होईपर्यंत ब्रश उचलत नाही. विटा-सिमेंटातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात, पाणी उडून जातं आणि स्फटिक रंगाला मागून ढकलतात. लोणा तो हाच. वरून कितीही भारी वॉर्निश दिलं तरी पोपडे सुटणारच. लोणा पाण्यानं धुवू नये, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडून काढावा.

भिंत कोरडी ठरली की प्रायमर, पुट्टीचे दोन पातळ हात, पॉलिश पेपर आणि पुन्हा प्रायमर. पुट्टी एकाच जाड हातात भरली की तडकते. अजिंठ्यातही खडकावर थेट रंग नाही; मातीत तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून केलेला गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर आणि मग चित्र. चित्राखालचं हे काम ग्राहकाला दिसत नाही, पण चित्राचं आयुष्य तिथंच ठरतं, म्हणून दरपत्रकात ते आम्ही वेगळं दाखवतो.

रेखाटन एक इंचाला एक फूट या प्रमाणात करतो. दहा बाय आठची भिंत म्हणजे एक फुटाचे ८० चौकोन. ते सुताराच्या खडू लावलेल्या दोरीनं आखले की आकार फसत नाहीत. मुख्य रंगांचे दोन बाय दोन फुटांचे नमुने भिंतीवरच लावून सकाळी एकदा आणि रात्री दिव्यात एकदा बघतो. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात निळे रंग मळकट दिसतात, तेव्हा दिवे आधी ठरायला हवेत. सीआरआय म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा; तो ९० किंवा त्याहून जास्त असलेले दिवे घ्यावेत. फॉल्स सीलिंग झाल्यावर चित्रासाठी पॉइंट मागितला तर तोडफोड आलीच.

टांगायच्या चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर ठेवतो. सोफ्यावर असेल तर रुंदी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश. बाहेरच्या भिंतीवर कॅनव्हास शक्यतो नकोच. पावसाळ्यात मागून बुरशी धरते. दुसरी जागाच नसेल तर चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांना रबरी गुटके लावून एक सेंटिमीटर हवा खेळती ठेवावी. दमट हवेत कॅनव्हास सैल पडला तर कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हातानं ठोकाव्यात. तैलचित्राला अखेरचं वॉर्निश साधारण सहा महिन्यांनी द्यायचं, रंगाचे थर जाड असतील तर त्याहून उशिरा. घर ताब्यात देण्याची तारीख त्याआधी येते, म्हणून वॉर्निशची भेट करारातच लिहितो.

करारात आणखी एक कलम आम्ही कधीच सोडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट ग्राहकाकडे जातो. त्यामुळे चित्र ग्राहकाचं आणि पुनर्मुद्रणाचा हक्क चित्रकाराचा, असं स्पष्ट लिहितो. कलम ५७ मधले कलाकाराचे विशेष हक्क, म्हणजे कृतीवर आपलं नाव सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क, मात्र कॉपीराइट गेला तरी राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये नूतनीकरणात काढून गोदामात टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ मध्ये ते त्यांना परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाईही दिली. भिंत पाडायची किंवा रंगवायची असेल तर ३० दिवस आधी कळवावं, हे वाक्य त्या निकालानंतर प्रत्येक भित्तिचित्रकाराच्या करारात असायला हवं.