२८ फुटी जुनी शिडाची बोट: घेताना आणि घेतल्यावर

बोट पहिल्यांदा पाहिली ती मार्चमध्ये, मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर बोयाला (नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली. २८ फुटी, फायबरची, १९८६ सालची, एक डोलकाठी, दोन शिडं आणि चार जण झोपतील एवढी केबिन. मालक परदेशी निघाले होते. आतलं सागवान नुकतंच पॉलिश केलेलं, गाद्यांना नवी निळी कव्हरं. मी तिथल्या तिथे हो म्हणायच्या बेतात होते. सोबत कुलाब्याच्या मच्छीमार नगरातले काका होते, चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचे नाखवा, म्हणून समुद्रावर काढलेले. ते केबिनमध्ये उतरलेच नाहीत. परतताना एवढंच म्हणाले, "बाय, वरून काय बगतेस? खालून बग."

खालून बघायचं तर बोट पाण्याबाहेर हवी, आणि विकत घेण्याआधीच क्रेनचे पैसे कोण भरणार? काकांनी ते काम समुद्रावर सोपवलं. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून जास्त फरक पडतो. आमच्या बोटीची कील, म्हणजे तळाखालचा जड कणा, जेमतेम दीड मीटर पाण्यात. म्हणजे भरतीला धक्क्याच्या भिंतीला लावून बांधली, की ओहोटीला ती कीलवर उभी राहते आणि सगळा तळ उघडा पडतो. काकांचा हिशेब तोंडपाठ होता: तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्या पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकरा. मालकांच्या परवानगीने दुपारच्या आत बोट भिंतीला लागली आणि चार वाजता आम्ही गुडघाभर चिखलात तिच्याखाली उभे होतो.

ती दोन-अडीच तासांची ओहोटी मला कुठल्याही तज्ज्ञाच्या अहवालापेक्षा मोलाची वाटते. काका लाकडी हातोडीने तळ वाजवत पुढे सरकत होते, मडकं वाजवून घेतात तसे. बहुतेक ठिकाणी टणटणीत आवाज. उजव्या बाजूला सुकाणूच्या पुढे मात्र हातभर जागा बद्द वाजली. तिथे रंगाखाली बोराएवढे फोड होते. एक टोचला तर चिकट पाणी आलं, व्हिनेगरसारखा वास. फायबरच्या थरांत पाणी शिरलं की असं होतं. जागा मर्यादित असेल तर ते दुरुस्त करता येतं, म्हणून मी माघार घेतली नाही, पण किमतीत घसघशीत घट मागितली आणि ती मिळाली.

कागदांचं थोडक्यात सांगते. बोट परदेशी बनावटीची असेल तर आयातीच्या वेळी सीमाशुल्क भरल्याचा कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिनवरचा नंबर स्वतः टॉर्च लावून वाचा. आमच्या बोटीचं इंजिन मध्ये कधीतरी बदललं होतं, नोंदणीत जुनाच नंबर होता. तेवढ्यापायी तीन आठवडे हेलपाटे झाले.

व्यवहार पुरा झाला तेव्हा मे संपत आला होता. पावसाळ्यात अशा बोटी पाण्यात ठेवत नाहीत. उरणच्या बाजूच्या एका यार्डात तिला वर ओढून ताडपत्रीने शाकारली. मला वाटलं होतं, चार महिने मोकळे, तळाचं काम उरकून टाकू. यार्डातल्या मिस्त्रींनी हात लावायला नकार दिला. फायबर आधी पुरतं सुकायला हवं, आणि हवेत एवढा ओलावा असताना रेझिनही (फायबरचे थर चिकटवणारा राळेसारखा द्रव) नीट धरत नाही. त्यांनी फोडांची जागा खरवडून उघडी केली, गोड्या पाण्याने धुतली आणि ऑक्टोबरच्या उन्हासाठी ठेवून दिली. मला तेव्हा राग आला होता. ते बरोबर होते.

म्हणून पावसाळा आतल्या कामात गेला. त्यातच एक धोक्याची गोष्ट हाती लागली. इंजिनाला थंड करायला समुद्राचं पाणी जिथून आत येतं, तिथे तळात भोक आणि त्यावर एक कॉक, म्हणजे पाणी बंद करायची तोटी, असतो. वरून हिरवट, पण धडधाकट दिसत होता. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तर आत पितळेचा पिवळा रंगच नव्हता. गुलाबी होता, कमी भाजलेल्या विटेसारखा. खाऱ्या पाण्याने पितळेतलं जस्त खाऊन टाकलं होतं, उरलं होतं ते भुसभुशीत तांबं. पान्याने जरा जोर दिला आणि कॉक मोडून माझ्या हातात आला. बोट पाण्यात असती तर अंगठ्याएवढ्या भोकातून समुद्र आत आला असता. मी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ तशीच बसले. त्या दिवशी तळातले सगळेच्या सगळे कॉक बदलायचं ठरलं, पितळेऐवजी ब्राँझचे. फ्रीज आणि नव्या गॅसच्या शेगडीचे बाजूला काढलेले पैसे त्यातच गेले.

डोलकाठी उतरवल्यावर तिला धरून ठेवणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवला. दोन ठिकाणी कापूस अडकला, म्हणजे आतली एकेक तार तुटलेली. तारा किती जुन्या ते कुणालाच सांगता येईना, म्हणून ३१६ ग्रेडच्या, खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सगळ्या नव्या केल्या. वायरिंगही पूर्ण उपसलं. आवरण सोललं तर तांबं काळं ठिक्कर. इथे कल्हई केलेली तांब्याची वायरच लागते. त्यासाठी लोहार चाळीत, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, चार दुकानं हिंडावी लागली. नांगराची साखळी मात्र दारूखान्यात, जहाजांच्या जुन्या सामानाच्या बाजारात, पहिल्याच दुकानात मिळाली, कडी न् कडी तपासून घेतली.

ऑक्टोबर हीटने आपलं काम केलं. ओलावा मोजून मिस्त्रींनी मान डोलावली, मग फायबरचे थर, पाणी आत शिरू न देणारं इपॉक्सीचं लेपण, आणि शेवटी शिंपले धरू नयेत म्हणून तळाला रंग. पहिल्या दोन वर्षांत दुरुस्तीला बोटीच्या किमतीच्या निम्मे पैसे लागले. निळ्या कव्हरांच्या गाद्या अजून त्याच आहेत.

नोव्हेंबरात पहिल्यांदा खाडीपलीकडे, अलिबागजवळच्या मांडव्याला गेलो. बंदरातून निघताना एक प्लॅस्टिकची पिशवी इंजिनाच्या पाण्याच्या तोंडात अडकली, तापमानाचा काटा चढला. इंजिन बंद केलं, शीड वर घेतलं. दुपारचा खारा वारा धरलेला होता, इंजिनाची गरजच उरली नाही. काका सुकाणूवर बसले, काही बोलले नाहीत.

रात्री नांगर टाकल्यावर मी केबिनच्या तळाची फळी उचलली आणि खाली हात घातला. बोटांना लाकडाचा भुसा लागला. कोरडा.