ब्रुसली, कवेलू आणि आमचं लेझीम

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर चार वेळा मेसेज आला तेव्हा कुठे बसलो. मी १९८६ च्या दहावीच्या बॅचचा. आमच्यातल्या हुशार पोट्ट्यांबद्दल बाकीचे लिहितीलच, मी ब्रुसलीबद्दल लिहितो. (ब्रुस वेगळं अन ली वेगळं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं!)

आठवीत असताना महाल भागात एका मित्राकडे भाड्यानं व्हीसीआर आणला, प्रत्येकी दोन रुपये वर्गणी, अन ब्रुसलीचा एंटर द ड्रॅगन पाह्यला. इंग्रजी कोणाच्या बापाला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग अंगठ्यानं नाक पुसत हूऊऊ करून राहिला होता. मी तर आईच्या लाटण्याचे दोन तुकडे केले, मधे सायकलची जुनी चेन, झाला ननचाकू. पहिल्याच फेरीत डाव्या भुवईवर बसला, तीन टाके. घरी सांगितलं जिन्यात पडलो, तिकडे आई लाटणं शोधून राहिली होती.

तरी अक्कल आली नाही. गॅदरिंगला कराटेचा डेमो देतो, एका फटक्यात कवेलू (छपराचं कौल) फोडतो, असं पीटीच्या सरांना सांगितलं. सरांनी कवेलू हातात घेतलं, उलटं केलं, मागून बोट फिरवलं, काही बोलले नाही, कपाटात ठेवून दिलं. मग म्हणे, "पायाला ताल नाही बे तुझ्या, आधी पाय शिक," अन मला लेझीमच्या शेवटच्या रांगेत उभं केलं. वर्षभर राग होता. ब्रुसली काय लेझीम खेळायचा का?

तर भौ, खेळायचाच म्हणा! पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की हा माणूस १९५८ मध्ये हाँगकाँगचा चा-चा डान्सचा चॅम्पियन होता. अन आपण म्हणतो कराटेवाला हिरो झाला, ते पण उलटंच आहे, बाप कँटोनीज ऑपेरातला नट, पोरगं १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलं अन तान्हं असतानाच पडद्यावर आलं, लहानपणी हाँगकाँगच्या कितीतरी सिनेमांत कामं केली, इप मान या गुरूकडे विंग चुन ही चिनी लढायची कला शिकायला गेला तो त्यानंतर. १९७० मध्ये वजन उचलताना पाठ गेली, कित्येक महिने अंथरुणात, तिथेच वह्या भरभरून लिहीत बसला, अन १९७१ मध्ये त्याचा द बिग बॉस हा सिनेमा! २० जुलै १९७३ ला गेला तेव्हा फक्त ३२ वर्षांचा होता, एंटर द ड्रॅगन रिलीज व्हायचा होता अजून. म्हणजे आम्ही ज्याच्यासारखं हूऊऊ करायचो तो आम्ही बालवाडीत जायच्या आधीच गेलेला.

आता माझी पोरगी तायक्वांदोला जाते, तिचे कोच पण पहिले दोन महिने नुसते पायच शिकवत होते, मी बाहेर स्कूटरवर बसून हसत होतो.

महोत्सवाला सर येणार आहेत असं ऐकलं. सर, ते कवेलू परत मागत नाही, पण आदल्या रात्री मी त्याला करवतीनं चीर पाडून ठेवली होती, ती दिसली होती ना तुम्हाला?