शिवरंजनीची पहाट

मंगळवार, रात्री

आज संध्याकाळी तानपुरा लावायला बसले. जोडाच्या तारा षड्जाला लागल्या, पण जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, काही केल्या उघडेना. घोडीवरचं सूत दोनदा केसभर सरकवलं, तेव्हा कुठे तार बोलू लागली. त्या गुंजारवात एकदम पंचवटीतलं जुनं घर आठवलं. कोनाड्यातला रेडिओ, त्यावर आईनं विणलेलं झाकण. पहाटेची पहिली सभा सुरू व्हायच्या आधी आकाशवाणीची धून लागायची. खाली तानपुरा, वर व्हायोलिन. ती संपेतो दारात दूधवाल्याची सायकल.

ही धून वॉल्टर कॉफमन यांची. १९०७ साली आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबाडला जन्म, शिक्षण बर्लिन आणि प्रागला. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राज्यात थारा नव्हता, म्हणून १९३४ मध्ये मुंबई गाठली. आपलं संगीत त्यांना सुरुवातीला अजिबात कळेना. पण ज्या गाण्यावर इतकी माणसं जीव टाकतात त्यात काहीतरी असणारच, उणीव आपल्या कानात आहे, असं मानून ते ऐकत राहिले. मला हेच फार मोठं वाटतं. घरदार सुटलेल्या माणसानं स्वतःच्याच सुरांना घट्ट धरून ठेवलं असतं, तर कोण नावं ठेवणार होतं?

मुंबईत त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी उभारली, १९३७ ते १९४६ नभोवाणीत पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळला. पुढे कॅनडात विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचे ते पहिले संचालक झाले, नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. आणि तिथे बसून १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला! भारत सोडून बावीस वर्षं झाली होती. इकडे थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी आमच्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला, आयुष्यभर बंदिशी कागदावर उतरवल्या. कॉफमन मुंबईत उतरले तेव्हा पंडितजींना जाऊन तीनच वर्षं झाली होती. दोघांची गाठ पडायला हवी होती, असं उगाच वाटत राहतं.

धूनचा आधार शिवरंजनी, असं सांगतात. म्हणजे खरं तर रात्रीचा राग. आमच्या कानांना मात्र तो पहाटेचाच.

तानपुरा भिंतीला टेकवला आणि मोबाईलवर ती धून अण्णांना ऐकवली. डोळे मिटून पडले होते. बाहेर अंधार, सात वाजून गेलेले. धून संपली तसे डोळे न उघडताच म्हणाले, "दूध घेतलंस का गं?"