तुम्ही विचारलंत म्हणून: निकोडेमसला आहे काय?

"दरवर्षी जुलै संपत आला की तुम्ही त्या निकोडेमसलाच का जाता? बघण्यासारखं आहे तरी काय तिथे?" साताऱ्याहून मावशी फोनवर विचारते, इथली मराठी मंडळी विचारतात. गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या एका ताईंनी तर फोनवर नकाशा उघडला, ते गाव मोठं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, इथे तर काहीच दिसत नाही!" हातात चकल्यांचा डबा होता, काहीतरी उत्तर देऊन मी वेळ निभावली. पण ते उत्तर पुरं नव्हतं. म्हणून आता सावकाश सांगते.

आम्ही अमेरिकेत, कॅन्सस राज्यात हेज गावी राहतो. उत्तरेला प्लेनव्हिल, पुढे स्टॉकटन, तिथून चोवीस नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला वळायचं. जुलैअखेर गहू निघून गेलेला असतो, ज्वारी मात्र हिरवीगार उभी असते. ती बुटकी, आणि जाते बहुतेक गुरांच्या पोटात. माणदेशात वाढलेल्या मला ती दरवेळी बघवतही नाही आणि तिच्यावरून नजरही हलत नाही. मग ग्रॅहम काउंटी, म्हणजे इथला जिल्हाच, लागते. साताऱ्याच्या एखाद-दोन तालुक्यांएवढा मुलूख, आणि माणसं जेमतेम अडीच हजार. त्या माळावर रस्त्यालगत दोन जुनी चर्चं, एक शाळा, एक हॉटेलची इमारत आणि चुनखडीच्या दगडात बांधलेलं सभागृह, एवढंच निकोडेमस. कायमची राहणारी माणसं बोटांवर मोजावीत इतकी.

1877 साली हे गाव वसलं. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून बारा वर्षं झाली होती, पण केंटकी राज्यात सुटका झालेल्या काळ्या माणसांच्या पायाखालची जमीन अजून जुन्या मालकांचीच होती. कॅन्ससमध्ये मात्र 1862 च्या कायद्याने सरकारी जमीन मिळत होती: एकशे साठ एकर, पाच वर्षं तिथे राहून कसायची आणि मग ती आपली. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे धर्मोपदेशक, यांनी आणखी काही काळ्या सहकाऱ्यांना घेऊन गाव वसवण्याची कंपनी काढली आणि केंटकीत पत्रकं वाटली. त्या सप्टेंबरात तीनशेच्या वर माणसं लेक्सिंग्टनच्या आसपासच्या भागातून निघाली.

आगगाडी एलिसपर्यंतच होती. एलिस आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे, मी तिथे कितीदा तरी जाते. तिथून पुढचे पंचावन्न किलोमीटर ही माणसं माळरानातून चालत गेली. त्यांच्या मागून 1878 च्या वसंतात आलेल्या तुकडीत विलियाना हिकमन नावाची बाई होती. तिच्या तोंडची हकिकत नोंदवलेली आहे, आणि मला निकोडेमसची ओढ लागली ती त्या हकिकतीमुळे. एलिसला पोचेपर्यंत मुलांना गोवर निघाला. तंबू ठोकून थांबावं लागलं, काही मुलं तिथेच गेली. मग दोन दिवस होकायंत्राच्या आणि हरणांच्या, गव्यांच्या पायवाटांच्या आधाराने चाल. रात्री शेकोट्या पेटवायच्या आणि जनावरं जवळ येऊ नयेत म्हणून बंदुकीचे बार काढायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष ओरडले, आलं, निकोडेमस आलं! ती आजारी होती, तरी डोळे फाडून बघू लागली. कुठे आहे? मला तर दिसत नाही. नवऱ्याने बोट दाखवलं. जमिनीतून ठिकठिकाणी धूर वर येत होता. तेच गाव. माणसं जमिनीत खड्डे खणून राहत होती. ती बाई रडू लागली.

ताई, तुम्हाला नकाशावर काही दिसलं नाही ना? विलियानालाही दिसलं नव्हतं.

पत्रकात लिहिलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं यांत एवढं अंतर होतं की पहिल्या तुकडीतले लोक हिलवर धावून गेले होते आणि त्याला लपावं लागलं होतं. काही कुटुंबं आल्या पावली परतली. जी राहिली त्यांच्याकडे जनावरं अगदी थोडी, अवजारं त्याहून थोडी. कित्येकांनी फावड्याने जमीन उकरली. त्या माळाची माती गवताच्या मुळांनी इतकी जखडलेली की नांगरसुद्धा सहजी शिरत नाही. झाडं नव्हती, म्हणून जळणाला सूर्यफुलाची धाटं, वाळुंजाच्या काटक्या आणि गव्यांचं वाळलेलं शेण. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. आमची आजी ओटीत रानशेणी वेचून आणायची. तिने गवा कधी बघितला नव्हता आणि अमेरिका हा शब्द ती शेवटपर्यंत 'आमेरिका' असाच म्हणत होती. पण तिची वाकलेली पाठ माझ्या डोळ्यांपुढे आली ती या परक्या माळावर.

त्या पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी आपल्यातलं मांस या वस्तीला दिलं, असं गावात आजही सांगतात. ओसेजांना स्वतःलाच काही वर्षांपूर्वी कॅन्ससमधून दक्षिणेला हलवलेलं होतं. ज्यांची जमीन गेली त्यांनी, ज्यांना जमीन कधी मिळालीच नव्हती त्यांना जगवलं. अमेरिकेच्या इतिहासात मला याहून मोठी गोष्ट सापडलेली नाही.

मग गाव उभं राहिलं. जेनी फ्लेचर मुलांना शिकवू लागली, तिचा नवरा झॅक टपालाचं काम बघू लागला. पुढे त्यांचंच हॉटेल झालं. दुकानं आली, बँक आली, एका वर्षाच्या अंतराने दोन वर्तमानपत्रं निघाली. इथेच येऊन राहिलेले एडवर्ड मकेब काउंटीचे कारकून झाले आणि 1882 साली निवडून येऊन सगळ्या राज्याचे हिशेब तपासणारे अधिकारी. कॅन्ससमध्ये राज्यपातळीच्या पदावर निवडून आलेले ते पहिले काळे गृहस्थ.

गाव खचलं ते रेल्वेमुळे. 1887 साली गावाने रेल्वे आपल्याकडून जावी म्हणून सोळा हजार डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. बोलणी फिसकटली. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कंपनीने रूळ टाकले, तेही सॉलोमन नदीच्या पलीकडून. तिथे बोग नावाचं गाव वाढलं आणि दुकानदार, वर्तमानपत्र, सगळं एकेक करून तिकडे गेलं. आमच्या गावालाही यष्टी फाट्यावर सोडायची आणि पुढचे सहा किलोमीटर चालत. फाट्यावर आज तीन मजली इमारती आहेत, गावात बंद घरं. त्यामुळे बोगकडे जाणारा रस्ता मला कुणी उलगडून सांगावा लागत नाही. 1953 साली निकोडेमसचं टपाल कार्यालय बंद झालं, 1960 साली शाळाही. 1996 साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून त्याची दखल घेतली गेली.

आता तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी ते निःस्वार्थपणे झटले म्हणून. शाळेत असताना ती अर्पणपत्रिका मला तोंडपाठ होती. ज्यांनी मुक्त केलं त्यांचे आभार तिच्यात आहेत. जे मुक्त झाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठे गेले, त्यांनी चूल कशी पेटवली, पाटी-पेन्सिल कुठून आणली, हे मला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. इतक्या वर्षांनी त्याचं उत्तर मला हेजपासून तासाभराच्या रस्त्यावर मिळालं. ज्योतिबांना हे गाव दाखवता आलं असतं तर, असं प्रत्येक वेळी मनात येतं.

जुलैअखेरीस जाते, कारण तेव्हा निकोडेमसची जत्रा असते. जत्रा हा शब्द माझा, ते म्हणतात होमकमिंग. पोटापाण्यासाठी डेन्व्हरला, कॅलिफोर्नियाला गेलेल्यांची मुलं-नातवंडं येतात, गाव दोन-तीन दिवस भरून जातं. मिरवणूक निघते, चर्चमध्ये गाणी होतात, दगडी सभागृहात जेवणावळी उठतात. ग्रामदैवताच्या यात्रेला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसारखंच सगळं.

पहिल्या वर्षी मी तिथे संकोचून कडेला बसले होते. एका आजींनी ताट आणून दिलं आणि मी कुठली म्हणून विचारलं. मी सातारा सांगितलं, मग फुल्यांचं सांगितलं, त्या पुस्तकाचं, ते कुणाला अर्पण केलंय त्याचं. त्यांनी घास थांबवून सगळं ऐकलं.

"कुठलं साल म्हणालीस?"

"अठराशे त्र्याहत्तर."

त्यांनी बोटांवर मोजलं.

"म्हणजे आम्ही इथे यायच्या चार वर्षं आधी," आजी म्हणाल्या.